आगीचे चाक आणि बिनआगीचे चाक : ट्रकच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम चाकांच्या नूतनीकरणाचा आढावा

जुन्या चाकाचे नूतनीकरण या शब्दप्रयोगात दोन वेगळी कामे एकत्र मिसळलेली आहेत. पहिले काम पृष्ठभागाचे असते : जुना रंग, गंज, डाग आणि ओरखडे काढून धातूला पुन्हा उजळा देणे. दुसरे काम परीक्षेचे असते : ते चाक पुढेही भार वाहण्यास लायक आहे की नाही, हे ठरवणे. पहिले काम डोळ्यांना दिसते आणि त्याचे पैसे मिळतात, तर दुसरे दिसत नाही आणि बहुधा त्याचे पैसेही कोणी देत नाही. त्यामुळे चाक चकचकीत झाले म्हणजे ते सुधारले, असा समज गॅरेजमालकात आणि गाडीमालकात सारखाच रुजतो. पोलादी चाकाच्या बाबतीत हा समज पुष्कळदा निभावून जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो, कारण हा धातू आगीशी जसा वागतो तसे लोखंड वागत नाही, आणि मराठवाड्यातील चाकदुरुस्तीची सारी पिढीजात समज मात्र लोखंडाच्या आणि आगीच्या नात्यावर उभी आहे.

नांदेडहून देगलूरमार्गे तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर नायगाव आहे आणि तेथून जवळच नरसीच्या फाट्यावर देगलूर, बिलोली आणि मुखेडकडचे रस्ते फुटतात. अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड आणि देगलूर यांना जोडून संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ येथूनच जातो, त्यामुळे हैदराबादच्या बाजूची मालवाहतूक या गावांच्या दारावरून जाते. अशा रस्त्याच्या कडेला टायरवाला, वेल्डिंगवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला आणि भंगारवाला हे चौघे एकमेकांच्या आधाराने उभे असतात, आणि जुन्या चाकाचे भवितव्य या चौघांच्या हातातून फिरत ठरते. त्यांच्या बोलीत संपूर्ण धातूच्या चाकाला ‘डिस्क’ म्हणतात, टायर जिच्यावर बसते त्या गोल पन्हाळीला ‘रिम’ म्हणतात, आणि ज्या बोल्टांवर डिस्क बसते त्यांना ‘स्टड’ म्हणतात.

या रस्त्यावरच्या ट्रकांची बहुसंख्य चाके आजही पोलादी आहेत, ही गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. पांढऱ्या झाकेची चमकणारी जी डिस्क दुरून अ‍ॅल्युमिनियमची वाटते, ती पुष्कळदा सिल्व्हर रंग दिलेली पोलादी डिस्क असते. त्या रंगात अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी असते, म्हणजे धातू खरा असला तरी तो केवळ कातडीपुरता असतो. खरे अ‍ॅल्युमिनियमचे चाक ओळखण्याची सर्वांत सोपी परीक्षा चुंबकाची आहे, कारण चुंबक पोलादाला चिकटतो आणि अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. ही परीक्षा क्षुल्लक वाटली तरी नूतनीकरणाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर दोन्ही धातूंचे मार्ग वेगळे होतात.

या प्रदेशात चाक दुरुस्त करण्याची कला ट्रकच्या फार आधीची आहे. बैलगाडीच्या चाकात मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांना धरणारे लाकडी पुठे आणि या सर्वांना बाहेरून आवळणारी लोखंडी धाव असे भाग असतात. धाव चाकापेक्षा जाणूनबुजून किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसते आणि सारे सांधे एकमेकांत घट्ट दाबले जातात. सव्वाचार-साडेचार मीटर घेराची धाव सुमारे ५०० अंश सेल्सिअसने तापली, तर तिचा घेर अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, आणि एवढ्याशा फरकावर संपूर्ण चाकाची मजबुती अवलंबून असते. गावचा लोहार असो वा गाडीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारा घिसाडी असो, तो हे तापमान लोखंडाच्या रंगावरून ओळखतो : काळसर तांबडे, तांबडे, नारिंगी, पिवळे. मोजपट्टीशिवाय आणि तापमापकाशिवाय केलेले हे काम अचूक असते, आणि त्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही.

ट्रकच्या पोलादी डिस्कवर हीच समज पुढे चालत आली. खड्ड्यात आदळून रिमची कड वाकली, तर ती गॅसच्या ज्योतीने लाल करून हातोड्याने सरळ करतात, चीर पडली तर वेल्डिंग मारतात आणि वरून रंग देतात. चाके बनवणारे कारखाने पोलादी चाकांवरही असे उपचार करू नयेत असेच सांगतात, आणि ते बरोबर आहे; तरीही सौम्य पोलाद तापून निवल्यावर आपली बरीचशी ताकद टिकवून ठेवते, म्हणून असे चाक पुढे काही काळ चालते आणि त्या चालण्यातून चुकीच्या पद्धतीला खात्री मिळते. नायगावजवळच्या कुंटूरच्या परिसरातील ऊसपट्ट्यात बैलांच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चालतात. तशा गाड्यांना जुन्या मोटारींच्या आणि ट्रकच्या डिस्का लावण्याची रीत महाराष्ट्रभर आहे, म्हणजे ट्रकमधून बाद झालेले पोलादी चाक हंगामी ओझ्यासाठी दुसरा जन्म घेते. कमी वेगामुळे तेथे चूक झाकली जाते. मात्र लॉक रिंगच्या, म्हणजे कडेची वेगळी कडी बसवून बंद होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चाकात ती झाकली जात नाही : गंजून ढिली झालेली कडी हवा भरताना सुटली, तर ती समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून असे चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरण्याचा नियम अनेक देशांत आहे. अ‍ॅल्युमिनियमची ट्रक-चाके एकसंध आणि ट्यूबलेस असल्यामुळे हा विशिष्ट धोका त्यांत नसतो, एवढा त्यांचा एक मोठा गुण येथे नोंदवायला हवा.

अ‍ॅल्युमिनियम मराठवाड्याला परका धातू नाही. घरोघरच्या पातेल्यांना, तपेल्यांना ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणण्याची रीत सर्वत्र आहे, आणि रस्त्यावरही हा धातू चाकाच्या आधी पत्र्याच्या रूपाने आला : राज्य परिवहनच्या गाड्यांची कवचे अनेक दशके अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारून बांधली जात आणि हे काम करणाऱ्या मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक मराठवाड्यातच, चिकलठाण्याला आहे. योगायोग असा की १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत अल्कोआ कंपनीने ट्रकसाठी पहिले घडीव अ‍ॅल्युमिनियम चाक आणले. येथे घडीव आणि ओतीव यांतला भेद समजून घ्यावा लागतो. ओतीव चाक म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले चाक. मोटारींची आणि दुचाकींची बहुतेक ‘अलॉय’ चाके अशी असतात. घडीव चाक म्हणजे घन धातूचा ठोकळा तापवून प्रचंड दाबयंत्राखाली आकारास आणलेले चाक. दाबाने धातूचे कण आकाराच्या दिशेने वळतात, आतल्या पोकळ्या मिटतात आणि जड वाहनाला लागणारी ताकद मिळते. महाराष्ट्रात दोन्ही धातूंच्या चाकांचा उद्योग रुजलेला आहे : ट्रकची पोलादी चाके चाकणच्या पट्ट्यात बनतात, आणि वाळूजला मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स कंपनी दुचाकींसाठी अ‍ॅल्युमिनियमची चाके आणि इतर ओतीव भाग बनवते.

वजन हे या चाकाचे खरे आकर्षण आहे. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७ तर पोलादाची ७.८ च्या आसपास आहे. मात्र अ‍ॅल्युमिनियमचे चाक मुद्दाम जाड करावे लागत असल्याने फरक तिपटीचा राहत नाही. साडेबावीस इंच व्यासाचे पोलादी चाक ढोबळ मानाने ३० ते ३५ किलो भरते, तर त्याच मापाचे घडीव अ‍ॅल्युमिनियमचे चाक २० ते २४ किलो भरते, म्हणजे दहा चाकांच्या गाडीत शंभर किलो किंवा अधिक वजन वाचते आणि तेवढा माल कायद्यात राहून जास्त भरता येतो. भारतात २०१८ साली धुऱ्यांवरील भाराची मर्यादा वाढली आणि तीन धुऱ्यांच्या ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टनांपर्यंत मान्य झाले. मर्यादा वाढल्याने शंभर किलोंचे आकर्षण थोडे कमी झाले असले, तरी प्रत्येक फेरीत काठोकाठ वजनाने धावणाऱ्या टँकरला आणि सिमेंटच्या बल्करला ते आजही मोलाचे आहे. सोयाबीन, हळद किंवा कापूस वाहणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा होतो. कापसाच्या गाडीत तर वजनाआधी जागाच संपते.

आता धातूच्या स्वभावाकडे वळायला हवे, कारण सारा प्रश्न तिथे आहे. घडीव ट्रक-चाकांसाठी अनेकदा वापरला जाणारा ६०६१ क्रमांकाचा मिश्रधातू म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे एक टक्का मॅग्नेशियम आणि अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक सिलिकॉन. त्याची ताकद केवळ या मिश्रणातून येत नाही, ती उष्णतेच्या नेमक्या संस्कारातून येते. धातू सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून मॅग्नेशियम आणि सिलिकॉन त्यात विरघळवतात, मग झटकन पाण्यात थंड करतात आणि नंतर १६० ते १७७ अंशांवर कित्येक तास ठेवतात. त्या वेळात दोन्ही घटकांचे अतिसूक्ष्म कण धातूभर जमतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. या पूर्ण संस्काराला ‘टी ६’ अवस्था म्हणतात. १९०६ साली जर्मन संशोधक आल्फ्रेड विल्म याला या गुणाचा शोध लागला, तेव्हा त्याला आढळलेली गोष्ट लोहाराच्या अनुभवाच्या नेमकी उलटी होती. लोहार विळ्याला किंवा कुदळीला ‘पाणी देतो’ तेव्हा पोलाद त्या क्षणी कठीण होते. अ‍ॅल्युमिनियमचा हा मिश्रधातू पाण्यात बुडवल्यावर मऊच असतो आणि नंतर पडून राहून, काळ जाऊ देऊन कठीण होतो. एकाच क्रियेचे दोन धातूंत असे विरुद्ध फळ मिळते, आणि ज्याच्या हातात पोलादाला पाणी देण्याची सवय मुरलेली आहे त्याला हे कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

दुसरा भेद त्याहून फसवा आहे. लोखंड सुमारे १,५३८ अंशांवर वितळते आणि त्याच्या फार आधीपासून आपल्या रंगाने तापमान सांगत राहते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते आणि ६०६१ हा मिश्रधातू त्याहूनही आधी, ५८० अंशांच्या आसपास वितळू लागतो, पण उजेडात तोवर त्याचा रंग बदललेला दिसत नाही. म्हणजे ज्या खुणेवर लोहाराची संपूर्ण विद्या बेतलेली आहे ती खूणच येथे नाहीशी होते. पत्र्याचे काम करणारे कारागीर यावर एक युक्ती करतात : पत्र्याला साबण चोळून तापवतात आणि साबण काळा पडला की थांबतात. युक्ती चांगली आहे, पण ती धातू मऊ करण्यासाठी आहे, आणि चाकाला नेमके तेच नको असते. ६०६१ मिश्रधातू टी ६ अवस्थेत सुमारे २७५ मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा वाकत नाही. पूर्ण मऊ केला की हीच मर्यादा ५५ पर्यंत, म्हणजे पाचव्या हिश्श्यावर येते. मेगापास्कल हे दाबाचे व ताणाचे एकक आहे आणि त्याचा येथे एवढाच अर्थ घ्यावा की बाहेरून तेच दिसणारे, त्याच मापाचे, त्याच चकाकीचे चाक आतून पाचपट दुबळे झालेले असू शकते.

यावरून नूतनीकरणातील सर्वांत महत्त्वाचा निषेध निघतो : अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रक-चाकावर वेल्डिंग करू नये, ज्योत लावून ते सरळ करू नये आणि बेंड काढण्यासाठी हातोडा मारू नये. निर्माते हे स्पष्ट लिहून देतात. वेल्डिंगचा टाका कितीही सुबक असला, तरी त्याच्या दोन्ही बाजूंची धातूची पट्टी उष्णतेने संस्कार गमावते आणि पुढची चीर टाक्यात न पडता शेजारी पडते. संपूर्ण चाक पुन्हा भट्टीत घालून टी ६ अवस्थेत आणावे म्हटले, तर ५३० अंशांवर चाकाचा गोलपणा बिघडतो आणि पुन्हा तासकाम करून भिंती पातळ कराव्या लागतात. कल्हईवाल्याच्या कामाशी तुलना केली तर मुद्दा स्पष्ट होतो. तो नवसागर आणि कथील घेऊन पितळी पातेल्याला नवा आतला थर देतो, आणि त्याचे काम चुकले तर अन्न कळकते. चाकाचे काम चुकले तर गाडी भरल्या रस्त्यावर बाजूला झुकते. म्हणून ज्याला पातेले उजळता येते त्याला चाक उजळता येईल हे खरे असले, तरी ते चाक रस्त्यावर जावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यातून येत नाही.

आगीचा इतिहास असलेले चाक ओळखणे हे त्यामुळे परीक्षेचे पहिले काम ठरते. ब्रेक चिकटून राहिले, बेअरिंग जळाले किंवा टायरने पेट घेतला, तर चाक कोणाला न कळताच भाजून निघालेले असते. करपलेला रंग, तपकिरी झालेला लाखेचा थर, वितळलेले व्हॉल्व्हचे रबर किंवा कडेला चिकटलेला टायरचा कोळसा या त्याच्या खुणा आहेत. पॉलिशने या सर्व खुणा पुसल्या जातात, आणि नेमक्या याच कारणासाठी परीक्षा आधी आणि चकाकी नंतर, हा क्रम उलटता कामा नये. शंका असेल तर हातात धरून वापरता येणारे काठिण्यमापक उपयोगी पडते : ६०६१ धातूचे ब्रिनेल काठिण्य टी ६ अवस्थेत ९५ च्या आसपास असते आणि मऊ अवस्थेत ३० च्या आसपास, त्यामुळे भाजलेला भाग आकड्यात पकडता येतो. असे उपकरण फाट्यावरच्या प्रत्येक दुकानात असणार नाही. पण एखाद्या जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा तंत्रनिकेतनात ते असणे अशक्यही नाही, आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी एकत्र येऊन अशी एक सोय केली तर तिचा खर्च एका अपघाताच्या खर्चापुढे नगण्य ठरेल.

भेगांची तपासणी यापेक्षा सोपी आहे. टायर उतरवून, हवा पूर्ण काढून आणि चाक साध्या साबणाने धुऊन कोरडे केल्यावर स्टडची भोके, त्यांच्यामधली जागा, हाताने धरण्याची मोठी खिडकीसारखी भोके, व्हॉल्व्हचे भोक आणि डिस्क रिमला मिळते तो वळसा या जागा बारकाईने पाहाव्या लागतात, कारण धातूचा थकवा तेथे साचतो. थकवा म्हणजे एकदाच आलेल्या मोठ्या भाराने धातू न तुटता, लहान भार लाखो वेळा आल्याने सूक्ष्म भेग पडून ती हळूहळू वाढत जाणे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी भेग पकडण्यासाठी रंगभेदक चाचणी करतात : लाल द्रव लावून तो भेगेत मुरू देतात, वरचा पुसून टाकतात आणि पांढरी भुकटी फवारतात, भेग असेल तर तिथे लाल रेघ उमटते. या फवाऱ्याचे तीन डबे वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळू शकतात आणि चाचणीला अर्धा तासही लागत नाही. स्टडचे भोक लांबट झालेले असणे, नटाखालची जागा दबलेली असणे किंवा तिथून काळे ओघळ निघालेले असणे, हे चाक ढिल्या नटांवर चालल्याचे पुरावे आहेत. लांबट झालेल्या भोकाला दुरुस्ती नाही आणि ते चाक रद्द करावे लागते. टायरच्या घासण्याने रिमची कड झिजून धारदार होते ती मात्र निर्मात्याने दिलेल्या मापाच्या आत असेल तर घासून बोथट करता येते.

पृष्ठभागाच्या कामात अ‍ॅल्युमिनियमचा एक उपकारक गुण आहे. हवेशी संपर्क येताच या धातूवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो आणि तोच पुढचा गंज रोखतो. लोखंडाचा गंज भुगा होऊन गळत राहतो, तसे येथे होत नाही. पण क्षार त्या पापुद्र्याला भेदतात. पोटॅशसारख्या खतांतले क्लोराइड, ओली माती आणि ब्रेकच्या भुकटीतले लोखंडाचे कण यांनी जागोजाग खड्डे पडतात. त्यांचा पांढरा थर काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरण्याचा मोह होतो, आणि तो पूर्णपणे टाळायला हवा, कारण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाच खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. चटकन चमक देणारी काही आम्ले त्याहून धोक्याची आहेत. त्यांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असेल तर ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती बाटली गॅरेजमध्ये येऊ देऊ नये.

जुनी लाख रसायनाने उतरवल्यावर घासकामाची पायरी येते. खोल ओरखड्यांसाठी १८० किंवा २२० क्रमांकाच्या कागदापासून सुरुवात करून ३२०, ४००, ६०० आणि ८०० असे चढत जातात, प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाच्या रेघा आडव्या दिशेने पुसून काढतात, आणि एकही पायरी गाळत नाहीत, कारण गाळलेली पायरी शेवटच्या चकाकीतून उलटून दिसते. त्यानंतर सुती कापडाच्या थरांचे गोल बफ यंत्रावर फिरवून आधी कापणारा तपकिरी साबण आणि मग उजळवणारा बारीक साबण लावतात. येथे ‘साबण’ म्हणजे मेणात कालवलेली बारीक अपघर्षक भुकटी, धुण्याचा साबण नव्हे. बफ एकाच जागी दाबून धरला तर तिथेही उष्णता साठते, म्हणून हात सतत फिरता ठेवतात. एकदा पोलादावर वापरलेला तारेचा ब्रश किंवा बफ अ‍ॅल्युमिनियमवर वापरला, तर लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि दोन पावसांनंतर तांबूस ठिपके उमटतात. हा दोष वारंवार ‘धातू खराब निघाला’ म्हणून सांगितला जातो, पण तो धातूचा नसतो. कारखान्यातच विशेष पृष्ठसंस्कार केलेली चाके मात्र मुळीच घासू नयेत. त्यांना साधा साबण आणि पाणी पुरते, आणि घासल्यावर तो संस्कार परत देता येत नाही.

उघड्या पॉलिशला काही आठवड्यांत मंदपणा येतो, म्हणून वर पारदर्शक लाख किंवा भुकटीचा रंग देण्याची मागणी होते. लाखेखाली एका टोकाने ओलावा शिरला, तर धाग्यासारख्या नागमोडी रेषांचा गंज आतल्या आत पसरतो आणि तो काढण्यासाठी संपूर्ण लाख उतरवावी लागते. उलट, उघडे पॉलिश दर दोन-तीन महिन्यांनी हाताने उजळता येते. भुकटीचा रंग १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटे भाजावा लागतो. हे तापमान टी ६ संस्काराच्या अखेरच्या पायरीपेक्षाही वर जाते, म्हणून नियंत्रित भट्टीत एकदा भाजल्याने फारशी हानी होत नसली, तरी अंदाजाने चालणाऱ्या भट्टीत आणि पुन्हापुन्हा भाजल्यास धातू हळूहळू मऊ पडत जातो. ट्रकच्या चाकासाठी उघडे पॉलिश हाच अधिक प्रामाणिक पर्याय आहे, असे म्हणायला हवे : त्यात भेग लपत नाही. रंग देणे अटळ असेल तर हबवर टेकणारा भाग आणि नटाखालची जागा रंगाविना ठेवावी, कारण तिथला जाड थर प्रवासात दबतो आणि नट ढिले पडतात.

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित धोका धुळीचा आहे. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत तरंगत असताना ठिणगी लागली तर स्फोट होतो. चीनमधील कुनशान शहरात २ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारींच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात असा स्फोट झाला आणि मृतांची संख्या शेवटी १४६ वर गेली. धूळ गोळा करण्याच्या पिंपात ओलावा शिरून भुकटी आपोआप तापली, असे चौकशीत आढळले. त्याआधी २९ ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातील हंटिंग्टन येथे अ‍ॅल्युमिनियमची चाके ओतणाऱ्या कारखान्यात धुळीच्या स्फोटाने एका कामगाराचा जीव गेला. ही मोठ्या कारखान्यांची उदाहरणे असली, तरी लहान दुकानातला धोका वेगळ्या जातीचा आणि तितकाच खरा आहे : जिथे त्याच बाकावर सकाळी गंजलेली पोलादी डिस्क ग्राइंडरने घासतात आणि दुपारी अ‍ॅल्युमिनियमचे चाक बफ करतात, तिथे लोखंडाचा गंज आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी एकत्र साचते, आणि याच दोन पदार्थांच्या मिश्रणाने रेल्वेचे रूळ जोडण्याइतकी उष्णता निर्माण केली जाते. म्हणून दोन्ही कामांच्या जागा आणि हत्यारे वेगळी ठेवणे, धूळ रोज झाडून कोरड्या झाकणाच्या डब्यात घराबाहेर ठेवणे, हवेच्या पाइपने ती उडवून न देणे आणि आग लागलीच तर पाणी न मारता कोरडी वाळू टाकणे, एवढे तरी प्रत्येक दुकानात व्हायला हवे. पोरे-टोरे झाडलोटीला लावलेली असतात तिथे हे अधिकच निकडीचे आहे.

नूतनीकरण झालेले चाक परत बसवताना पोलादाची सवय पुन्हा आड येते. अ‍ॅल्युमिनियमची डिस्क पोलादीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड असते, त्यामुळे पोलादी चाकासाठीचे स्टड तिच्यासाठी आखूड पडतात आणि नटाला पुरेसे आटे मिळत नाहीत. जोडचाकांमध्ये आतले पोलादी आणि बाहेरचे अ‍ॅल्युमिनियमचे असे मिश्रण करायचे असेल, तर स्टडची लांबी आधी मोजावी लागते. पोलादी हब आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा राहिला की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजते, म्हणून टेकणारे पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे असावे लागतात. लांब पाइप लावून, पान्यावर उभे राहून नट आवळण्याच्या पद्धतीत किती जोर लागला हे कोणालाच कळत नाही. बावीस मिलिमीटरच्या स्टडच्या प्रचलित हबला साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर एवढा पिळा लागतो आणि तो मोजणारा टॉर्क पाना असतो. चाक बसवल्यावर गाडी थोडी चालवून, शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासायला हवेत, कारण नव्या बसलेल्या पृष्ठभागांतला उरलासुरला मळ त्या अंतरात दबतो.

नव्या चाकाला भारतीय मानकांप्रमाणे वळणाचा थकवा, भाराखालचा थकवा आणि आघात यांच्या चाचण्यांतून जावे लागते. दुकानातून उजळून बाहेर पडणाऱ्या जुन्या चाकाला अशी एकही चाचणी नाही, आणि त्याच्या पाठीवर कोणाची सहीही नसते. ही पोकळी कायद्याने भरून निघेपर्यंत किमान एक साधी नोंद ठेवता येईल : चाकावर निर्मात्याने ठोकलेला महिना-वर्ष, भारक्षमता आणि क्रमांक, भेगचाचणीचा दिवस आणि तपासणाऱ्याचे नाव. रद्द ठरवलेल्या चाकाचे काय करायचे, हा प्रश्न त्यानंतर उरतो. अख्खे चाक भंगारवाल्याकडे गेले तर ते उजळून पुन्हा रस्त्यावर येण्याची शक्यता असते, आणि आधी नाकारलेले चाक दुसऱ्या जिल्ह्यात निष्कलंक दिसते. म्हणून ते देण्यापूर्वी करवतीने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार कापावे लागते. कापल्याने मालकाचे नुकसान होत नाही, कारण भंगारात भाव चाकाचा नसून धातूचा असतो आणि अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवे बनवण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. वीस-बावीस किलोचे ते दोन तुकडे भट्टीतून निघून पुढे कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जर्मनचे पातेले होऊ शकतात, आणि त्या रूपात त्यांना आग लावायला काहीच हरकत नसते.